गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्ताच्या गुठळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"सध्या कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नावर "काहीच नाही" असं सांगणाऱ्या कितीतरी जणी रोज रात्री न चुकता एक गोळी घेत असतात. ती औषधांत धरायची असते हे त्यांच्या मनातही येत नाही. आजारच नाही, तर औषध कसलं, असा साधा हिशेब. रक्ताच्या गुठळीच्या बाबतीत नेमकी हीच न सांगितलेली गोळी घोळ करते. खालचे प्रश्न बहुतेक वेळा तपासणी संपल्यावर, दाराशी पोहोचल्यावर, हळू आवाजात विचारले जातात. उत्तरं मोकळेपणाने दिली आहेत.

गोळीने रक्तात गुठळी होते, हे खरं की अफवा?

खरं आहे. फक्त "गोळी" हा शब्द फार ढोबळ आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरकं एकत्र असलेल्या गोळीला संयुक्त गोळी म्हणतात. धोका वाढतो तो या गोळीने, आणि त्यातही मुख्यतः इस्ट्रोजेनमुळे. नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळीची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

ही माहिती नवी नाही. अमेरिकेत १९६० साली पहिली गोळी गर्भनिरोधनासाठी मंजूर झाली आणि १९६१ मध्येच डब्ल्यू. एम. जॉर्डन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका नर्सची हकिकत कळवली. तिला गोळी दिली होती एन्डोमेट्रिओसिससाठी, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारासाठी, आणि गुठळी गेली फुप्फुसात. त्या काळच्या गोळीत मेस्ट्रॅनॉल नावाचं इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम असायचं. आजच्या बहुतेक गोळ्यांत इथिनिल एस्ट्रॅडिऑल असतं, २० ते ३५ मायक्रोग्रॅम. १९६९ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमच्या वरच्या गोळ्या टाळायला सांगितलं. पुढच्या वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये यावर सुनावण्या झाल्या आणि गोळीच्या पाकिटात धोक्याची माहिती देणारा कागद घालायची पद्धत सुरू झाली. आपण उघडल्या उघडल्या फेकून देतो तोच हा कागद.

म्हणजे नेमका किती धोका? आकड्यांत सांगा.

दहा हजार बायकांचा एक वर्षाचा हिशेब घेऊ. आकडे युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली सगळा पुरावा तपासून दिलेले आहेत. गरोदर नसलेल्या आणि गोळी न घेणाऱ्या दहा हजार जणींत वर्षाला साधारण २ जणींना शिरेत गुठळी होते. लिव्होनॉरजेस्ट्रेल, नॉरएथिस्टेरॉन किंवा नॉरजेस्टिमेट असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन किंवा ड्रॉस्पिरेनोन असलेल्या गोळीत ९ ते १२ जणींना. (ही सगळी वेगवेगळ्या प्रोजेस्टिनची नावं.) या सगळ्यांत वाईट आकडा धरला, तरी दहा हजारांतल्या ९,९८८ जणींना वर्षभरात गुठळी होत नाही. ज्यांना होते त्यांतल्या शंभरात एक-दोन जणी दगावतात.

आता याच मापाने गरोदरपण मोजू. अमेरिकी औषध प्रशासनाच्या माहितीपत्रकात गरोदर बायकांसाठी वर्षाला दहा हजारांत ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत ४० ते ६५ असा दर दिलेला आहे. म्हणजे गोळी जे टाळते, त्यातला धोका गोळीपेक्षा मोठा आहे.

हे समजून न घेतल्याने काय होतं ते ब्रिटनमध्ये दिसलं. १९९५ च्या ऑक्टोबरात तिथल्या समितीने डॉक्टरांना पत्र पाठवलं की डेसोजेस्ट्रेल आणि जेस्टोडीनच्या गोळ्यांनी धोका साधारण दुप्पट होतो. बातम्यांत "दुप्पट" तेवढा राहिला, कशाच्या दुप्पट ते गळून पडलं. बायकांनी पाकीट अर्धवट टाकून दिलं आणि पुढच्या वर्षी नको असलेली गर्भधारणा आणि गर्भपात, दोन्ही हजारोंनी वाढले. तेव्हापासून "दुप्पट", "तिप्पट" असं कुठेही वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो: मूळ आकडा किती होता?

गोळी रक्ताचं नेमकं काय करते? रक्त घट्ट होतं का?

रक्त घट्ट होत नाही, त्याची गोठण्याकडे ओढ वाढते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रक्ताच्या साध्या तपासणीत, हिमोग्लोबिनमध्ये किंवा प्लेटलेटच्या आकड्यात यातलं काही दिसत नाही.

रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात बनतात, आणि गोठणं आवरणारे बरेचसे घटकही तिथेच बनतात. एरवी ही ओढाताण बरोबरीत सुटते. इस्ट्रोजेन यकृतात पोहोचलं की गोठवणाऱ्या बाजूचे फायब्रिनोजेन, दोन, सात, आठ आणि दहा क्रमांकाचे घटक वाढतात. आवरणाऱ्या बाजूचं प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन कमी होतं. शिवाय प्रोटीन सी नावाचा जो ब्रेक आहे, त्याला रक्त नीट दाद देईनासं होतं. प्रत्येक बदल छोटा आहे, पण सगळे एकाच दिशेचे आहेत.

मग गोळी न गिळता पॅच लावला किंवा योनीत ठेवायची रिंग वापरली तर यकृत वाचेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. इथिनिल एस्ट्रॅडिऑल हे मुद्दाम चिवट बनवलेलं रसायन आहे, ते सहज मोडत नाही. त्वचेतून आत गेलं तरी फिरत फिरत यकृतात पोहोचतं आणि तेच करतं. पॅच आणि रिंगचा आकडा दहा हजारांत ६ ते १२ असा आहे. शरीरातल्या इस्ट्रोजेनशी जास्त मिळतंजुळतं एस्ट्रॅडिऑल वापरलेल्या नव्या गोळ्या यकृताला कमी छेडतात असं दिसतं. तरी "बिनधोक" हा शब्द त्यांनाही लावता येणार नाही.

माझ्या गोळीत काय आहे हे मला कसं कळणार?

पाकिटाच्या पुढच्या बाजूचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या, ते कंपनीने ठेवलेलं असतं. मागच्या चंदेरी बाजूला बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. उजेडात तिरकं धरलं की वाचता येतात. एका ओळीत इथिनिल एस्ट्रॅडिऑल आणि पुढे ०.०३ मिग्रॅ किंवा ०.०२ मिग्रॅ असं लिहिलेलं असेल. ०.०३ म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, ०.०२ म्हणजे २०. दुसऱ्या ओळीत प्रोजेस्टिनचं नाव असतं. इस्ट्रोजेनची ओळच नसेल तर ती नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी. गोळ्या कापून संपवत आणल्या की नेमकी ही अक्षरं तुटून जातात, तेव्हा नवं पाकीट फोडायच्या आधी मोबाइलवर मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. दवाखान्यात "ती गुलाबी छोटी गोळी" एवढ्या वर्णनावरून कुणालाही काही कळत नाही.

मला गोळी गर्भनिरोधनासाठी नाही, पीसीओडी आणि पिंपल्ससाठी दिली आहे. मला हे लागू आहे का?

पूर्ण लागू आहे. गोळी का घेतली हे यकृताला कळत नाही. उलट इथे जरा जास्तच लक्ष द्यावं लागतं. पिंपल्स आणि चेहऱ्यावरचे केस कमी व्हावेत म्हणून बहुतेक वेळा ड्रॉस्पिरेनोनची किंवा सायप्रोटेरॉनची संयुक्त गोळी लिहिली जाते आणि या दोन्ही जास्त आकड्याच्या गटात बसतात. पीसीओडीत वजनही बऱ्याचदा वाढलेलं असतं, आणि स्थूलपणा हे गुठळीचं स्वतंत्र कारण आहे.

माझं मत असं, की नुसती पाळी नियमित करायची असेल तर लिव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीने सुरुवात करायला काय हरकत आहे, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चेहऱ्याच्या तक्रारीसाठी दुसरी गोळी लागेलही, पण ती निवड तुम्हाला सांगून झालेली असावी.

नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी?

नॉरएथिस्टेरॉन, लिव्होनॉरजेस्ट्रेल किंवा डेसोजेस्ट्रेलच्या कमी मात्रेच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढल्याचं अभ्यासांत दिसत नाही. इथे एक गोंधळ नेहमी होतो. डेसोजेस्ट्रेल वर धोक्याच्या यादीत होतं ना? होतं, पण इस्ट्रोजेनच्या जोडीला. एकटं ते निरुपद्रवी ठरतं. लिव्होनॉरजेस्ट्रेल इस्ट्रोजेनला थोडंफार आवरतं, डेसोजेस्ट्रेल तितकं आवरत नाही, फरक तिथे पडतो.

गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त आययूडी आणि तांब्याची आययूडी यांनीही धोका वाढत नाही. तीन महिन्यांनी घ्यायच्या प्रोजेस्टिनच्या इंजेक्शनबाबत मात्र काही अभ्यासांत थोडी वाढ दिसली आहे. त्यामुळे पूर्वी गुठळी झालेली असेल तर ते पहिल्या पसंतीचं नाही.

इमर्जन्सी गोळीने गुठळी होईल का?

लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅची गोळी एकदाच घ्यायची असते आणि तिच्यात इस्ट्रोजेन नाही. पूर्वी गुठळी होऊन गेलेल्या बाईलाही ती देता येते.

पाळी पुढे ढकलायची गोळी तर साधी असते ना?

साधी समजली जाते, आणि तिथेच चूक होते. यासाठी सहसा नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅची गोळी दिवसातून तीनदा देतात. नुसत्या प्रोजेस्टिनच्या गर्भनिरोधक गोळीत हेच औषध ०.३५ मिग्रॅ असतं. म्हणजे दिवसाला चाळीसपटीहून जास्त. एवढ्या मात्रेत नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इथिनिल एस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिग्रॅ नॉरएथिस्टेरॉन घेतलं तर २० ते ३० मायक्रोग्रॅमची संयुक्त गोळी घेतल्यासारखं होतं.

चार दिवसांसाठी म्हणून मैत्रिणीकडून किंवा थेट दुकानातून आणलेल्या या गोळीबद्दल कुणी बीपी विचारत नाही, पूर्वीच्या गुठळीबद्दल विचारत नाही. तब्येत चांगली असलेल्या बाईला त्या चार दिवसांत बहुधा काही होणार नाही. पण जिला संयुक्त गोळी वर्ज्य आहे तिला हीसुद्धा वर्ज्य धरावी.

धोका कधी सगळ्यात जास्त असतो? वर्षानुवर्षं घेतली की साठत जातो का?

साठत नाही. सगळ्यात जास्त धोका सुरुवातीला असतो, पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. नंतर तो उतरतो, पण गोळी न घेणाऱ्या बाईइतका खाली येत नाही. गोळी बंद केली की काही आठवड्यांत रक्तातले घटक पूर्ववत होऊ लागतात. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या गोळ्यांचं ओझं आज तुमच्या शिरांत नाही.

याला जोडूनच एक सल्ला फिरत असतो: "दरवर्षी दोन महिने गोळी बंद ठेव, शरीराला विश्रांती मिळते." तो सल्ला उलटा आहे. चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केली की सुरुवातीचा जास्त धोक्याचा काळही नव्याने सुरू होतो. विश्रांतीच्या नावाखाली आपण दरवर्षी पहिलं वर्ष जगत राहतो. आणि त्या दोन महिन्यांत दिवस गेले तर ते वेगळंच. पाकिटातले गोळी नसलेले किंवा साध्या गोळ्यांचे चार ते सात दिवस म्हणजे असा खंड नव्हे, तो ठरलेल्या चक्राचा भाग आहे.

कोणी संयुक्त गोळी घेऊच नये?

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी चार वर्ग केले आहेत. पहिला म्हणजे खुशाल घ्या, चौथा म्हणजे अजिबात नको. चौथ्यात पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी होऊन गेलेली बाई येते. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष सिद्ध झालेली, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आणि सोबत रक्त गोठायला लावणारी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असलेली, बीपी १६०/१०० किंवा वर असलेली, आणि वय ३५ च्या पुढे असून दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेट ओढणारी बाईही त्यातच. मोठं ऑपरेशन होऊन बरेच दिवस पडून राहावं लागणार असेल तर तेवढ्या काळापुरता तोच नियम.

बीपी १४० ते १५९ च्या दरम्यान, किंवा खालचा आकडा ९० ते ९९, असेल तर तिसरा वर्ग, म्हणजे दुसरा काही मार्ग असताना नको. गोळी सुरू करण्याआधी बीपीचा पट्टा दंडाला बांधला गेला नसेल, तर तुमची तपासणी झालेली नाही असंच समजा. दोन मिनिटांचं काम आहे आणि बाकीच्या महागड्या तपासण्यांपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

पायावरच्या फुगलेल्या, निळ्या, वेड्यावाकड्या शिरांची भीती मात्र अनाठायी. त्या असल्या तरी गोळी चालते.

मला अर्धशिशी आहे. तिचा गुठळीशी काय संबंध?

इथे गुठळी शिरेतली नाही, मेंदूच्या धमनीतली, म्हणजे पक्षाघात. तरुण बायकांत तो फार क्वचित होतो, पण झाला तर नुकसान मोठं असतं.

अर्धशिशी दोन तऱ्हेची असते. काहींचं डोकं एकदम ठणकायला लागतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही. काहींना दुखण्याच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं डोळ्यांसमोर चकाकत्या नागमोडी रेषा सरकताना दिसतात, वाचताना ओळीतलं एखादं अक्षर पुसल्यासारखं होतं, कधी बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या चढत जातात. या दुसऱ्या तऱ्हेला ऑरा असलेली अर्धशिशी म्हणतात आणि तिच्यात संयुक्त गोळी पूर्ण वर्ज्य आहे, वय कितीही असो. ऑरा नसेल तर पस्तिशीच्या आत विचार करता येतो. गोळी सुरू केल्यावर असे झटके पहिल्यांदाच यायला लागले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

आईला किंवा बहिणीला गुठळी झाली होती. मग?

सांगायलाच हवं, आणि तपशिलासकट: कुणाला, कितव्या वर्षी, कशामुळे. सत्तरीत कंबरेच्या ऑपरेशननंतर झालेली गुठळी आणि तिशीत काहीही कारण नसताना झालेली गुठळी यांचा अर्थ सारखा नाही. जवळच्या नात्यात पंचेचाळिशीच्या आत झाली असेल तर बरेच डॉक्टर इस्ट्रोजेन टाळतात, आणि ते बरोबर आहे.

मग गोळीआधी रक्ताची आनुवंशिक तपासणी करून घ्यावी का?

सगळ्यांनी? नाही. फॅक्टर फाइव्ह लायडन हा दोष १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सापडला. त्याच वर्षी तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की हा दोष असलेल्या बायकांनी गोळी घेतली तर वर्षाला दहा हजारांत सुमारे २८ जणींना गुठळी होते. आकडा दचकवणारा आहे, पण तो उलटा वाचा. दोष असून आणि गोळी घेऊनही ९,९७२ जणींना त्या वर्षी काही झालं नाही. दुसरीकडे, गोळी घेताना गुठळी होणाऱ्या कितीतरी जणींत कुठलाच ज्ञात दोष सापडत नाही. "तपासणी नॉर्मल आली, आता मला काही होणार नाही" ही समजूत तपासणी न करण्यापेक्षा महागात पडू शकते. घरात इतिहास असेल तर तपासणीला अर्थ आहे, एरवी चार नीट प्रश्न जास्त उपयोगी.

जाता जाता: ओ रक्तगट नसलेल्यांत गुठळीचं प्रमाण ओ गटापेक्षा थोडं जास्त असतं. त्यावरून गोळी ठरवत नाहीत, पण कुतूहल म्हणून.

गुठळी झाली हे कळणार कसं?

बहुतेक वेळा सुरुवात एका पायात होते. एका, हा शब्द महत्त्वाचा. दिवसभर उभं राहून दोन्ही पाय सुजतात ती गोष्ट वेगळी. इथे एकच पोटरी भरून येते, दाबली की दुखते, हाताला गरम लागते, कधी लालसर किंवा निळसर दिसते. अनेक जणी सांगतात की आधी वाटलं गोळा आला, रात्री पोटरी आखडली असेल. गोळा मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो. हे दुखणं सुटत नाही, दुसऱ्या दिवशी चालताना वाढतं.

घरी एक गोष्ट करता येते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचं एक टेंगूळ हाताला लागतं. तिथून १० सेंटिमीटर खाली पेनने खूण करा आणि शिवणकामाच्या टेपने दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त भरला तर डॉक्टरही तो लक्षण म्हणून धरतात. फरक कमी भरला म्हणून गुठळी नाहीच असं मात्र नाही.

गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, श्वास आत घेताना छातीत कळ येते, नाडी धावते, खोकल्यात रक्त येतं, काही जणी चक्कर येऊन पडतात. पाय अजिबात दुखलेला नसतानाही हे होऊ शकतं. जिना चढताना कालपर्यंत लागत नसलेली धाप आज लागली, तर ती "वजन वाढलंय" म्हणून सोडून देऊ नका. मेंदूच्या शिरेतली गुठळी दुर्मीळ आहे, पण गोळी घेणाऱ्यांत ती आठवणीत ठेवावी लागते. तिच्यात डोकं दिवसेंदिवस जास्त दुखत जातं, आडवं झालं की वाढतं, धूसर दिसतं, फिट येते. यातलं काहीही झालं तर सकाळच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत जा. आणि दारातच सांगा: "मी संयुक्त गर्भनिरोधक गोळी घेते." तरुण, धडधाकट दिसणारी मुलगी धाप लागते म्हणून आली की समोरच्याच्या मनात आधी घाबरण्याचा झटका येतो. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

निदान कसं करतात?

पायासाठी डॉप्लर सोनोग्राफी. फुप्फुसासाठी शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी. डी-डायमर ही रक्ततपासणी मुख्यतः शंका पुसून टाकायला वापरतात. डॉक्टरांना आधीच शंका कमी असेल आणि ती नॉर्मल आली तर गुठळी बहुधा नाही. वाढलेली आली तर एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण ती इतर अनेक कारणांनी वाढते.

गुठळी झालीच, तर पुढे काय?

गोठण रोखणारी औषधं किमान तीन महिने. लोक त्यांना रक्त पातळ करणारी म्हणतात. ती गुठळी विरघळवत नाहीत, वाढू देत नाहीत. विरघळवण्याचं काम शरीर स्वतः करतं. गोळीमुळे झालेली गुठळी "कारण सापडलेली" या गटात मोडते. ते कारण काढून टाकलं की ती पुन्हा होण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे बहुतेकींना ही औषधं जन्मभर घ्यावी लागत नाहीत.

एक गोष्ट फारशी कुणी आधी सांगत नाही. या औषधांवर पाळीचा रक्तस्राव खूप वाढू शकतो. त्याच वेळी गोळी एकदम बंद केली तर तो आणखी वाढतो. म्हणून काही डॉक्टर औषधं पूर्ण मात्रेत चालू असेपर्यंत संयुक्त गोळीही चालू ठेवतात आणि औषधं थांबायच्या आधी ती बंद करतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे विचार आहे. वॉरफरिन हे गोठण रोखणारं औषध चालू असताना दिवस जाणं बाळाला घातक, त्यामुळे गर्भनिरोधन तेव्हा उलट जास्त गरजेचं. पुढच्या आयुष्यात प्रोजेस्टिनची गोळी किंवा आययूडी चालते. आणि पुढे कधी दिवस गेले तर पहिल्याच भेटीत या गुठळीबद्दल सांगायचं, कारण गरोदरपणात बऱ्याचदा प्रतिबंधक इंजेक्शनं लागतात.

दुसऱ्या औषधांशी काही वाकडं आहे का?

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. पाळीत फार जातं म्हणून ही गोळी सर्रास दिली जाते. झालेली गुठळी विरघळू न देणं हेच तिचं काम. संयुक्त गोळीसोबत ती घेऊ नये, आणि ही गाठ नेहमी दोन वेगळ्या डॉक्टरांमुळे पडते: एकाने गोळी दिलेली, दुसऱ्याला ती सांगितलेली नसते. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबाबत डेन्मार्कच्या २०२३ च्या मोठ्या अभ्यासात संयुक्त गोळी घेणाऱ्यांत धोका थोडा वाढलेला दिसला. कधीमधी एखादी गोळी घेतल्याने घाबरायचं कारण नाही. रोज लागत असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला.

खबरदारी म्हणून ॲस्पिरिन घेऊ का?

नको. गोळी घेणाऱ्या बायकांत शिरेतली गुठळी टाळायला ॲस्पिरिनचा उपयोग सिद्ध झालेला नाही, पोटातून रक्तस्राव व्हायची शक्यता मात्र खरी आहे.

ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा प्रवास?

ठरवून केलेलं मोठं ऑपरेशन असेल तर सहसा चार आठवडे आधी संयुक्त गोळी थांबवतात. मधल्या काळात दुसरं साधन वापरायचं, हे त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या. पायाला प्लास्टर हे अचानक येतं. हाडांच्या डॉक्टरांना गोळीबद्दल आपणहून सांगा, ते बहुधा विचारणार नाहीत. चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासात दर तासाला उठून चार पावलं टाका, उठता येत नसेल तर टाच टेकवून पंजा वर-खाली करा. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. प्रवासासाठी गोळी थांबवायची गरज नाही.

बाळंतपणानंतर कधी सुरू करावी?

अंगावर पाजत असाल तर सहा आठवड्यांच्या आत संयुक्त गोळी नाहीच, आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो नाही. पाजत नसाल तरी पहिले तीन आठवडे नाही. सिझेरियन, स्थूलपणा किंवा खूप रक्तस्राव झाला असेल तर सहा आठवडे थांबा. नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी तोपर्यंत चालते.

हे सगळं वाचून मी घाबरले. आज रात्रीची गोळी घेऊ की नको?

एका पायाला सूज, नवी धाप, छातीत कळ, विचित्र डोकेदुखी यातलं काही असेल तर गोळीचा विचार नंतर, आधी दवाखाना गाठा. वर सांगितलेल्या चौथ्या वर्गात बसत असाल किंवा ऑरावाली अर्धशिशी असेल तर आज रात्रीची घेऊ नका, आजपासून कंडोम वापरा आणि उद्या डॉक्टरांना फोन करा. यातलं काहीच नसेल तर आज रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, आणि घेतल्यावर पाकीट उलटं करून मागच्या दोन ओळी वाचा.